कळप हेच घर : ‘एको द डॉल्फिन’ (१९९२) आणि सागरी सस्तन प्राण्यांविषयीची बदलती मानवी दृष्टी

प्रस्तावना

कळपापासून दुरावलेले पिल्लू आणि आपल्यांकडे परतण्यासाठी त्याने केलेला प्रवास हा कथावाङ्मयातील फार जुना विषय आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विषय चित्रपटात आला आणि शतक संपण्यापूर्वी व्हिडिओ गेम या नव्या माध्यमातही त्याने प्रवेश केला. या माध्यमाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. येथे पिल्लाचा प्रवास केवळ पाहायचा नसतो, तो स्वतः करायचा असतो. वाट चुकली तर खेळाडू चुकतो आणि श्वास कोंडला तर खेळ संपतो.

व्हिडिओ गेमला मुलांचा विरंगुळा समजून अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि, एखाद्या काळातील समाज वन्य प्राण्याकडे कोणत्या नजरेने पाहत होता, हे समजून घेण्यासाठी चित्रपट वा जाहिरात जेवढी उपयुक्त ठरते, तेवढाच हा खेळही उपयुक्त ठरू शकतो. प्रस्तुत लेखात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एको द डॉल्फिन’ या खेळाचा या दृष्टीने विचार केला आहे. वन्य पिल्लाचे ‘घर’ म्हणजे नेमके काय, जन्मस्थान की आप्तसमूह, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे. खेळाने त्याला दिलेले उत्तर पुढील तीन दशकांतील प्रत्यक्ष घटनांच्या कसोटीवर तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : करमणुकीपासून आप्तभावापर्यंत

डॉल्फिन हा मासा नसून हवेत श्वास घेणारा व पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे, ही नोंद अ‍ॅरिस्टॉटलने केलेली आहे. असे असले तरी त्याच्या जीवनाचा शास्त्रीय अभ्यास मुख्यतः विसाव्या शतकातच झाला. १९३८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ‘मरीन स्टुडिओज’ हे सागरी प्राण्यांचे प्रदर्शनस्थळ सुरू झाले. चित्रीकरणासाठी बांधलेल्या या जागेत डॉल्फिनच्या कसरती लोकप्रिय झाल्या. पुढे १९६३ चा ‘फ्लिपर’ हा चित्रपट आणि १९६४ ते १९६७ या काळातील त्याच नावाची दूरचित्रवाणी मालिका यांनी माणसाचा हसरा, आज्ञाधारक मित्र ही डॉल्फिनची प्रतिमा घरोघरी पोहोचवली.

याच काळात दुसरा एक प्रवाह आकार घेत होता. डॉल्फिन आपल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून समोरील वस्तूचा वेध घेतो, हे १९५० च्या दशकात व १९६० च्या आसपास झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. डोळे झाकलेला डॉल्फिनही अडथळे टाळून नेमका मार्ग काढतो, हे केनेथ नॉरिस यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. जॉन लिली यांनी १९६१ मध्ये ‘मॅन अँड डॉल्फिन’ हे पुस्तक प्रसिद्ध करून माणूस व डॉल्फिन यांच्यात संभाषण होऊ शकेल, अशी कल्पना मांडली. लिली यांचे अनेक दावे पुढे टिकले नाहीत. परंतु त्यांनी सागराखाली एक बोलणारा समाज आहे ही कल्पना जनमानसात रुजवली. १९७० मध्ये रॉजर पेन यांनी प्रसिद्ध केलेल्या कुबड्या देवमाशांच्या गीतांच्या ध्वनिमुद्रिकेने या कल्पनेला प्रत्यक्ष नाद मिळवून दिला.

या बदलत्या संवेदनेचे पडसाद कायद्यातही उमटले. अमेरिकेने १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय १९८२ मध्ये घेतला. ट्यूना मासेमारीच्या जाळ्यांत मरणाऱ्या डॉल्फिनविरुद्ध मोठे लोकमत तयार झाल्यावर १९९० पासून अमेरिकी बाजारात ट्यूनाच्या डब्यांवर ‘डॉल्फिन-सुरक्षित’ अशी खूण दिसू लागली. म्हणजेच १९९२ पर्यंत डॉल्फिन हा कसरतपटू राहिला नव्हता. तो माणसाच्या विवेकाचा विषय झाला होता. ‘एको’ या वातावरणात जन्माला आला.

खेळाची निर्मिती

या खेळाची संकल्पना सेगा कंपनीच्या अमेरिकी शाखेतील एड अनुन्झियाटा यांची होती. त्याची प्रत्यक्ष बांधणी हंगेरीतील बुडापेस्ट येथील नोव्होट्रेड या कंपनीने केली. नोव्होट्रेडची स्थापना १९८३ मध्ये, म्हणजे समाजवादी राजवटीच्या उत्तरकाळात झाली होती आणि पाश्चात्त्य बाजारासाठी संगणकीय खेळ तयार करणे हा तिच्या व्यवसायाचा भाग होता. १९८९ च्या सत्तांतरानंतर हे संबंध अधिक मोकळे झाले. हंगेरीला समुद्रकिनारा नाही. त्या भूवेष्टित देशातील तंत्रज्ञांनी सागराचे हे दृश्य घडवले, ही बाब लक्षणीय आहे. त्यांच्यापुढे जो समुद्र होता तो स्मृतीतला नव्हता. पुस्तके, चित्रफिती आणि कल्पना यांतून आलेला, म्हणजे त्या पिढीच्या सामायिक मनातला तो समुद्र होता.

हा खेळ सेगाच्या ‘मेगा ड्राइव्ह’ (अमेरिकेत ‘जेनेसिस’) या यंत्रासाठी निघाला. आदल्याच वर्षी याच यंत्रावर ‘सॉनिक’ हा निळा, वेगवान साळिंदरासारखा नायक गाजला होता. वेग, उड्या आणि गोळा करायची कडी हे त्या काळच्या खेळांचे चलन होते. त्या तुलनेत ‘एको’ची संथ, खोल आणि बरीचशी एकाकी गती वेगळी उठून दिसते.

कथानक : घर सोडल्याशिवाय घर सापडत नाही

खेळाची सुरुवात एका शांत खाडीत होते. एको हा तरुण डॉल्फिन आपल्या कळपासोबत तेथे खेळत असतो. त्याच्या कपाळावर ताऱ्यांसारख्या पाच खुणा आहेत. येथे शत्रू नाही, घाई नाही आणि काय करावे याची सूचनाही नाही. कळपातील सोबत्याच्या आव्हानानुसार खेळाडू एकोला पाण्याबाहेर उंच उडवतो आणि त्याच क्षणी आकाशातून आलेले वादळ खाडीतील सर्व जीव ओढून नेते. एको परत पाण्यात पडतो तेव्हा खाडी तशीच असते, पण तिच्यात कोणीही उरलेले नसते.

खेळाचा सर्व आशय या पहिल्या प्रसंगात साठलेला आहे. जागेच्या अर्थाने एको घरीच आहे. त्याची खाडी, तिचे खडक, तिचे पाणी कोणी हिरावलेले नाही. तरीही तो बेघर झाला आहे. घराचा शोध घेण्यासाठी त्याला घर म्हटली जाणारी जागा सोडावी लागते.

पुढील प्रवासात तो भेटणाऱ्या जीवांना विचारत उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातील वृद्ध निळ्या देवमाशापर्यंत पोहोचतो. देवमासा त्याला पृथ्वीवरील सर्वांत प्राचीन जीव असलेल्या अ‍ॅस्टराइटकडे पाठवतो. अ‍ॅस्टराइटचे शरीर गोलकांच्या दुहेरी सर्पिल रचनेचे आहे. जनुकद्रव्याच्या रचनेशी त्याचे साम्य उघड आहे. त्यातील एक गोलक हरवल्यामुळे तो मदत करण्यास असमर्थ असतो. तो गोलक आणण्यासाठी एकोला बुडालेल्या अटलांटिस नगरीतील कालयंत्रातून ५ कोटी ५० लाख वर्षे मागे जावे लागते. तेथे तो प्राचीन अ‍ॅस्टराइटशी झुंजून गोलक मिळवतो. अर्थात, ज्या उणिवेची भरपाई करण्यासाठी एको निघाला, ती उणीव त्याच्याच हातून निर्माण झालेली असते. शेवटी कळपाला नेणारे ‘व्होर्टेक्स’ हे परग्रहावरील जीव असल्याचे उलगडते. स्वतःचे अन्न निर्माण करण्याची शक्ती गमावलेले हे जीव दर ५०० वर्षांनी पृथ्वीच्या समुद्रातून आपले भक्ष्य ओढून नेतात. एको वादळाच्या क्षणी परत येतो, या वेळी कळपासोबत स्वतःही ओढला जातो आणि व्होर्टेक्सच्या राणीचा पराभव करून सर्वांना परत आणतो.

विज्ञानाच्या दृष्टीने या कथेत विसंगती आहेत. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या आकाशात दाखवलेले उडणारे टेरानोडॉन त्यापूर्वीच नामशेष झाले होते. परंतु कथेची भावनिक रेषा सरळ आहे. एकोला राज्य, संपत्ती वा कीर्ती यांपैकी काहीही मिळवायचे नाही. त्याला जे आधी होते तेच हवे आहे.

श्वास आणि स्वर

खेळाचे वेगळेपण कथानकापेक्षाही त्याच्या नियमांत अधिक आहे. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक एकोची शक्ती दाखवते, दुसरी त्याच्या फुप्फुसांतील हवा. शक्ती मासे खाऊन भरून येते. हवा मात्र पृष्ठभागावर किंवा गुहेतील एखाद्या हवेच्या पोकळीतच मिळते. त्यामुळे खेळाडूचे लक्ष शत्रूपेक्षा अधिक काळ वरच्या दिशेला असते. लांब भुयारात शिरताना परतीच्या श्वासाचा हिशेब करावा लागतो. डॉल्फिन पाण्यात राहतो पण पाण्याचा नाही, हे पाठ्यपुस्तकातील सत्य येथे बोटांना कळते.

दुसरा नियम स्वराचा. एको गातो तेव्हा ध्वनिलहरी पुढे जातात. त्याच स्वराने तो इतर प्राण्यांशी बोलतो, स्फटिकशिळांकडून संदेश मिळवतो, बंद वाटा उघडतो. स्वर लांबवल्यास तो आदळून परत येतो आणि भोवतालच्या प्रदेशाचा नकाशा समोर उभा राहतो. जवळजवळ संपूर्ण प्रवासात हा स्वर म्हणजे प्रश्न विचारण्याचे साधन आहे. शेवटच्या टप्प्यांत अ‍ॅस्टराइटने दिलेल्या सामर्थ्याने तो शस्त्रही होतो, परंतु त्याचे मूळ कार्य शोध घेणे आणि ओळख पटवणे हेच राहते.

येथे व्यापाराचा एक धागाही नोंदवणे आवश्यक आहे. हा खेळ अतिशय कठीण म्हणून ओळखला जातो. त्या काळी अमेरिकेत खेळाच्या कॅसेट भाड्याने मिळत. मुले शनिवार-रविवारी खेळ भाड्याने आणून पूर्ण करतील आणि विकत घेणार नाहीत, या भीतीने तो कठीण केला, असे अनुन्झियाटा यांनी नंतर सांगितले आहे. घरापासून तुटलेल्या पिल्लाची वाट खडतर असण्यामागे काही अंशी बाजाराचे गणितही होते. मात्र परिणाम वेगळाच झाला. अनेक खेळाडूंना कळपाची पुनर्भेट कधीच पाहता आली नाही. त्यांच्या वाट्याला केवळ शोध आला. प्रत्यक्ष इतिहासातील बहुतेक दुरावलेल्या पिलांचे प्राक्तनही याहून निराळे नव्हते.

इतिहासाची कसोटी : चार पिलांची कहाणी

ओर्का, ज्याला ‘किलर व्हेल’ असेही म्हणतात, हा डॉल्फिन कुळातीलच सर्वांत मोठा प्राणी. मायकेल बिग यांनी १९७० च्या दशकात छायाचित्रांवरून एकेका ओर्काची ओळख निश्चित करण्याची पद्धत विकसित केली. तिच्या आधारे कॅनडा व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्थायी ओर्का आयुष्यभर मातेच्या कुटुंबात राहतात, हे स्पष्ट झाले. जॉन फोर्ड यांच्या संशोधनातून प्रत्येक कळपाची स्वतंत्र ‘बोली’ असते असे दिसून आले. या ज्ञानामुळे एकोच्या कथेतील प्रश्न प्रत्यक्षात तपासणे शक्य झाले.

पहिले उदाहरण टोकीटाए या मादीचे. ऑगस्ट १९७० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पेन कोव्ह येथे ओर्कांचे कळप जाळ्यांत कोंडून पिल्ले वेगळी काढण्यात आली. वाहून नेण्यास सोपी म्हणून पिलांनाच मागणी होती. त्यांतील टोकीटाए ‘लोलिता’ या नावाने मायामी येथील टाकीत अर्धशतकाहून अधिक काळ राहिली. ओर्कांना आपले आप्त मानणाऱ्या लम्मी या मूलनिवासी समाजाने तिच्या परतीसाठी प्रयत्न केले. मार्च २०२३ मध्ये तिला मूळ समुद्रात नेण्याची योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला ती टाकीतच मरण पावली.

दुसरे उदाहरण केइकोचे. १९७९ मध्ये आइसलँडजवळ तो पिल्लू असताना पकडला गेला. १९९३ च्या ‘फ्री विली’ या चित्रपटात त्याने मुक्त होणाऱ्या ओर्काची भूमिका केली, तेव्हा तो स्वतः मेक्सिकोतील एका लहान टाकीत होता. लोकमताच्या दबावामुळे त्याला १९९६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथे व १९९८ मध्ये आइसलँडला नेण्यात आले. २००२ च्या उन्हाळ्यात तो पोहत नॉर्वेला पोहोचला. तेथेही तो माणसांच्या होड्यांजवळच रमला. कोणत्याही कळपाने त्याला सामावून घेतले नाही. डिसेंबर २००३ मध्ये त्याचा मृत्यू झाला. केइकोला जन्मसागर परत मिळाला, आप्त मिळाले नाहीत.

तिसरे उदाहरण स्प्रिंगरचे. जानेवारी २००२ मध्ये सिएटलजवळ सुमारे दोन वर्षांचे एक एकाकी पिल्लू आढळले. तिचे स्वर ध्वनिमुद्रित करून आणि छायाचित्रे ताडून ती उत्तरेकडील कळपातील ‘ए-७३’ असल्याचे निश्चित झाले. तिची आई आधीच नाहीशी झाली होती. जूनमध्ये तिला पकडून उपचार करण्यात आले आणि जुलैमध्ये जलद नौकेने व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाजवळ नेण्यात आले. तेथील नमगीस समाजाने तिचे स्वागत केले. खाडीच्या तोंडाशी जाळ्यामागे असलेल्या स्प्रिंगरने जवळून जाणाऱ्या कळपाचे आवाज ऐकले आणि ती मोठ्याने साद घालू लागली. दुसऱ्या दिवशी, १४ जुलै रोजी, आप्त पुन्हा जवळ आल्यावर जाळे उघडण्यात आले. काही आठवड्यांत ती कळपासोबत दिसू लागली. २०१३ मध्ये तिच्यासोबत तिचे स्वतःचे पिल्लू दिसले आणि २०१७ मध्ये दुसरे.

चौथे उदाहरण लुनाचे. १९९९ मध्ये जन्मलेला हा नर २००१ पासून व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडील नूटका खाडीत एकटाच राहू लागला. कळपाचा सहवास नसल्याने तो होड्यांशी लगट करी. २००४ मध्ये त्याला पकडून कळपाच्या मार्गाजवळ नेण्याचा प्रयत्न झाला. त्याच्यात आपल्या दिवंगत प्रमुखाचा आत्मा आहे, असे मानणाऱ्या मोवाचाट-मुचालाट समाजाने होड्या वल्हवत त्याला दूर नेले आणि तो प्रयत्न फसला. मार्च २००६ मध्ये एका ओढबोटीच्या पंख्यात सापडून तो मरण पावला. लुना बंदी नव्हता; अन्न, समुद्र आणि स्वातंत्र्य त्याला होते. त्याच्याजवळ फक्त त्याची बोली बोलणारे कोणी नव्हते.

या चौघांची तुलना केली असता स्वातंत्र्य आणि घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात येते. केइको व लुना मुक्त समुद्रात असूनही परके राहिले. स्प्रिंगरची परत जाण्याची वाट तिच्या स्वराने उघडली. खाडी असूनही बेघर झालेल्या एकोची कल्पना या घटनांच्या दहा वर्षे आधी मांडली गेली होती.

शत्रू कोठून येतो ?

असे असले तरी खेळाची एक मर्यादा दुर्लक्षून चालणार नाही. ‘एको’च्या जगात माणूस दिसत नाही. जाळी, जहाजे, टाक्या यांपैकी काहीच तेथे नाही. संकट येते ते आकाशातून. १९९२ चा खेळाडू, ज्याच्या घरातील ट्यूनाच्या डब्यावर ‘डॉल्फिन-सुरक्षित’ अशी खूण होती, तो या खेळात निर्दोष राहतो. भक्ष्यासाठी कळपच्या कळप ओढून नेणारे व्होर्टेक्स हे औद्योगिक मासेमारीचे रूपक मानता येईल, परंतु खेळ तसे उघडपणे म्हणत नाही.

पुढील काळात हा पडदा दूर झाला. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेल्या ‘शेल्टर’ या खेळात खेळाडू आपली पिल्ले जगवू पाहणारी बिज्जूसारखी मादी होतो. स्पेनमधील एका संस्थेने २०२२ मध्ये काढलेल्या ‘एंडलिंग’ या खेळात अखेरची कोल्हीण आपल्या पिलांसह माणसाने उद्ध्वस्त केलेल्या भूमीत भटकते. तिचे हरवलेले पिल्लू माणसानेच नेलेले असते. तीस वर्षांत शत्रू आकाशातून जमिनीवर आला आणि खेळाडूच्याच जातीचा झाला.

धोरणाच्या पातळीवरही अशी वाटचाल दिसते. भारतात मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने करमणुकीसाठी डॉल्फिन बंदिस्त ठेवणाऱ्या केंद्रांना परवानगी न देण्याची भूमिका घेतली. तत्पूर्वी २०१० मध्ये गंगेतील डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर म्हणून अधिसूचित करण्यात आले होते. जवळजवळ दृष्टिहीन असलेला हा प्राणी गढूळ प्रवाहात केवळ प्रतिध्वनीच्या आधारे जगतो. नदीतील यंत्रनौकांचा गोंगाट त्याच्यासाठी डोळ्यांवर बांधलेली पट्टीच ठरतो, हे लक्षात घेतल्यास स्वराचा प्रश्न दूरच्या महासागरापुरता राहत नाही.

समारोप

‘एको द डॉल्फिन’ हा खेळ व्यापारी उत्पादन होता आणि त्याच्या रचनेवर व्यापाराची छाप आहे. तरीही विसाव्या शतकातील सागरविषयक संशोधन, संरक्षण-चळवळ आणि लोकप्रिय कल्पना यांचा संगम त्यात झालेला दिसतो. त्याने वन्य प्राण्याला माणसाचा सेवक वा मित्र न बनवता स्वतःच्या समाजाचा घटक म्हणून उभे केले. घर म्हणजे भूभाग नसून परस्परांना ओळखणाऱ्या आवाजांचा समूह आहे, हे त्याचे प्रतिपादन नंतरच्या अनुभवांनी बळकट झाले.

यातून संरक्षणाच्या विचारासाठी एक बोध निघतो. अधिवास राखणे आवश्यक आहेच, परंतु तेवढ्याने काम पूर्ण होत नाही. पिल्लू परत पाठवताना त्याचे पाणी कोणते, या प्रश्नाबरोबर त्याची भाषा कोणाला कळते, हाही प्रश्न विचारावा लागतो. २००२ च्या जुलैमध्ये स्प्रिंगरच्या बाबतीत तो वेळेवर विचारला गेला. टोकीटाएच्या बाबतीत तो मान्य होण्यास त्रेपन्न वर्षे लागली आणि तोपर्यंत उत्तराचा उपयोग उरला नव्हता.